गाडी ओढते, पण थांबते का?

गॅरेज, वेल्डिंग, मंडप, जनरेटर, बांधकाम साहित्य आणि मालवाहतूक या धंद्यांत आपल्या समाजातील पुष्कळ कारागीर व व्यापारी आहेत. पिकअप किंवा जीपच्या मागे हूक बसवून जनरेटरची ट्रॉली, काँक्रीट मिक्सर किंवा घरगुती बनावटीचा दुचाकी ट्रेलर ओढून नेणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. गाडीने किती वजन ओढावे, असे मालकाला विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते. "ओढते ना? मग झाले तर!"

हे उत्तर चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते. आजची डिझेल इंजिने दमदार आहेत. सपाट रस्त्यावर ती आपल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वजन हलवतात. प्रश्न हलवण्याचा नसून थांबवण्याचा आहे. गाडीचे ब्रेक, पाटे, टायर, एक्सल आणि चासी यांतील सर्वांत कमजोर भाग पाहून कंपनी वजनाची मर्यादा ठरवते. एकटे इंजिन पाहून ती ठरत नाही.

हिशेब अवघड नाही. आरसी बुकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भरलेल्या गाडीचे कमाल वजन. उदाहरणादाखल समजा, रिकामी गाडी १,५०० किलो आणि भरलेली २,७०० किलो आहे. म्हणजे १,२०० किलोची सोय झाली. पण त्यात चालक, दोन मजूर, ताडपत्री, जॅक, स्टेपनी आणि वरून बसवलेले लोखंडी कठडे हे सारे धरावे लागते. तिथेच दोनशे किलो गेले. मालासाठी राहिले हजार.

आता मागे हजार किलोची ट्रॉली जोडली. अनेकांना वाटते की तिचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर आहे, आपल्या गाडीवर नाही. तसे नाही. नीट भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर येतो. म्हणजे आणखी शंभर ते दीडशे किलो आपल्याच मागच्या चाकांवर. मालाची जागा उरली साडेआठशे ते नऊशे किलो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर २,७०० किलोसाठी बनवलेल्या ब्रेकना सुमारे साडेतीन टनांहून अधिक वजन थांबवावे लागते. त्यात वेगाची भर पडते. वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर केला की थांबवायची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. कसारा, खंबाटकी किंवा आंबोलीच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवावा. उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा असतो. तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात.

युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा नियम आहे. त्याहून हलका, बिनब्रेकचा ट्रेलरही ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड नसावा, असे ब्रिटनमध्ये पाळले जाते. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याच्या क्षमतेचा आकडा आपल्या पद्धतीने जाहीर करी. २००८ साली तेथील अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे२८०७ नावाची एकसारखी कसोटी ठरवली, तेव्हा आकड्यांची तुलना करणे शक्य झाले. हे सांगण्याचे कारण असे की आखातात नोकरी करून आलेले आपले कोकणातील बंधू तिथे मोठ्या गाड्यांमागे बोटी ओढलेल्या पाहतात आणि इथे तसाच प्रयोग करू पाहतात. पण तो आकडा गाडीच्या नावाचा नसतो. तो विशिष्ट इंजिन, गिअर आणि एक्सल असलेल्या गाडीचा असतो. इथल्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडा दिलेला नसेल, तर ती ओढण्यासाठी दिलेली नाही असेच समजावे.

माल कसा भरला यावरही बरेच अवलंबून आहे. ट्रॉलीतील साधारण ६० टक्के वजन तिच्या चाकांच्या पुढच्या बाजूला असावे. मागे जास्त भरले तर हूक उचलला जातो आणि ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंग झटकू नये. ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यावा. हूक निसटला तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधाव्यात. मागे दिवे आणि रिफ्लेक्टर हवेतच. रात्री अंधारात निघालेला मिक्सर मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. मर्यादेपेक्षा जास्त भार आढळल्यास २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये ठरवले आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ दिली जात नाही. "ड्रायव्हरने भरले, मला ठाऊक नव्हते" ही सबबही सहसा चालत नाही. कलम ११३ प्रमाणे मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच हे झाले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. विम्याबद्दल कुणाचे मत काहीही असो, तिसऱ्या पक्षाचा विमा बंधनकारक आहे. बिननोंदणीच्या ट्रॉलीने कुणाला उडवले, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

पण दंडाची भीती हा माझा मुख्य मुद्दा नाही. काटा मारणे हराम आहे हे आपल्यापैकी प्रत्येक दुकानदार जाणतो. मग गाडीच्या वजनात केलेली लबाडी वेगळी कशी? रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाचा जीव आपल्याकडे अमानत असतो. मदीनेत एका अन्सारी सहाबींच्या बागेतील उंट प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून रडला, आणि मालक आपल्याला उपाशी ठेवतो व थकवतो अशी त्याची तक्रार आपण त्या मालकाला ऐकवली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाडीला जीव नाही, ती तक्रार करीत नाही. तिची तक्रार घाटात एकदम कळते, आणि ती ऐकावी लागते ती समोरून येणाऱ्या निरपराध माणसाला.

मालवाहतूकदार म्हणतील, भाडे परवडत नाही, दोन फेऱ्यांचे डिझेल कोण देणार? हे म्हणणे खोटे नाही. म्हणून हा प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नाही. "एकाच फेरीत आण" असे बजावणारा ठेकेदार आणि व्यापारीही या गुन्ह्यात भागीदार आहे. आपल्याच बाजारपेठेतील गाडीवाल्यांनी एकत्र बसून वजनावर भाडे ठरवावे, आणि व्यापाऱ्यांनी दोन फेऱ्यांचे पैसे खुशीने द्यावेत. पन्नास किलोच्या सिमेंटच्या वीस गोण्या म्हणजे एक टन, हे मोजायला काट्यावर जायचीही गरज नाही.

आणि माझ्या वेल्डर व मेकॅनिक बंधूंना एक विनंती. बंपरला हूक जोडून द्या, पाटे वाढवून द्या, असे सांगत गिऱ्हाईक येते. पाटे वाढवल्याने गाडी वाकत नाही एवढेच. ब्रेक आणि एक्सल होते तेच राहतात. बंपर वजन ओढण्यासाठी बनवलेला नसतो, हूक चासीलाच आणि कंपनीच्या परवानगीप्रमाणेच लागला पाहिजे. हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. ऐकत नसेल तर काम परत करा. शेजारचा करून देईल, हे खरे. पण तो जोड तुटला तर त्यावर हात शेजाऱ्याचा असेल, तुमचा नसेल. पाचशे रुपयांची मजुरी गेली तरी रोजी देणारा अल्लाह आहे. हलाल कमाईत बरकत असते, हे आपण केवळ बोलण्यासाठी म्हणत नसतो.