दीड महिन्याच्या डोसाला आईचीही विचारपूस हवी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातल्या (१७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांचे कागद जपून ठेवले आहेत. रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र आणि सोबत उपचारांची नोंद. दोनशे वर्षांपूर्वी या गावात दुखणं असं निरखून, लिहून ठेवलं जाई.

आज त्याच गावात एखादी बाळंतीण दीड महिन्याच्या बाळाला लसीसाठी आणते. रांगेत शिंक येते आणि ती पाय आवळून जागच्या जागी थांबते. लघवी सुटते म्हणून साडीआड जुन्या कापडाची घडी असते. घर तमिळ असो की मराठी, वडीलधाऱ्या बायकांचं उत्तर ठरलेलं: बाळंतपणानंतर असं व्हायचंच. होतं हे खरं, पण ते जन्मभर सोसायचं कशाला?

मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू झोळीसारखे असतात. बाळंतपणात ते ताणले जातात; जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, सततची ओझी यांनी आणखी सैलावतात. मग खोकताना, हसताना, घागर उचलताना लघवी सुटते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्येच या स्नायूंच्या व्यायामाचा उपाय मांडला. वायू रोखताना आवळतो तशी ती जागा आत-वर खेचायची, काही सेकंद धरायची, तेवढाच वेळ सैल सोडायची. एका वेळी आठ आवर्तनं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास मात्र कोंडायचा नाही. बऱ्याच जणी उलट खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. म्हणूनच शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी.

तमिळनाडूत तर फिजिओथेरपी दारापर्यंत पोचली आहे. ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांबरोबर ती घरी मिळते. पण गुडघ्याचं दुखणं बाई आपणहून सांगते, लघवी सुटते हे सांगत नाही. म्हणून विचारायचं काम आरोग्यसेविकेचं. तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयापासून खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत, सहाव्या आठवड्याचा डोस देताना आईला एक प्रश्न विचारावा: खोकताना लघवी सुटते का? उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी तिला व्यायाम शिकवायला पाठवावं.