कोऱ्या वर्षांचा हिशेब

"मधलीं चौदा वर्षें आपण काय केलें?" हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत एका महाविद्यालयाच्या निवड-समितींत आम्हीं ऐकला. प्रश्न विचारणारे गृहस्थ आमचे स्नेही. समोर बसलेल्या बाई आमच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. अर्थशास्त्राची एम. ए. पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन व नेटची परीक्षाही देऊन त्या संसारांत पडल्या. दोन मुलें वाढवून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं तासिका तत्त्वावरील एका तुटपुंज्या जागेसाठीं त्या आल्या होत्या. "घरीं होतें," एवढेंच त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें. समितीच्या कागदावर त्या चौदा वर्षांपुढें आडवी रेघ ओढली गेली, व जागा दुसऱ्यास मिळाली. आम्ही त्या समितीचे सभासद होतों, आणि आम्ही गप्प बसलों. आजचें हें लिहिणें त्या मौनाचें प्रायश्चित्त समजावें.

ती आडवी रेघ ओढावयास आम्हां अर्थशास्त्र्यांनींच जगास शिकविलें आहे. पिगू या इंग्रज पंडितानें 1920 सालच्या आपल्या ग्रंथांत एक विसंगति दाखविली होती. एखाद्यानें आपल्या पगारी घरकामवालीशीं लग्न केलें, तर काम तेंच राहतें, पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटतें. हा दृष्टान्त आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतों. मुलें हंसतात व तास संपतो. आपल्या देशांत 2019 सालीं वेळेच्या विनियोगाची पाहणी झाली, तींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाकाठीं सरासरी 299 मिनिटें वेळ जातो, तर पुरुषांचा 97 मिनिटें, असें आढळलें. त्या पांच तासांपैकीं एका मिनिटाचीही नोंद राष्ट्रीय उत्पन्नांत होत नाहीं. ग्रंथांत जी विसंगति म्हणून शिकवावयाची, तीच समितीच्या मेजावर न्याय म्हणून चालवावयाची, हा आमचा धंदा होऊन बसला आहे.

आमचे स्नेही म्हणतात, विद्या शिळी होते. होते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती केवळ घरांत बसणाऱ्याचीच शिळी होते, असें कोणीं सांगितलें? आमच्या टिपणवह्यांतील कांहीं पानें तीस वर्षांपूर्वींचीं आहेत. 1991 सालच्या आर्थिक धोरणास आम्ही अजून 'नवें' म्हणतों! 2017 सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां आम्हांसही एक सबंध सुटी बसून तो शिकावा लागला. आम्ही शिकलों, कारण खुर्ची शाबूत होती व पगार चालू होता. तसेच चार महिने त्या बाईंस दिले असते, तर त्या मागें पडल्या असत्या, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, ह्यांचे पति मिळवते आहेत. गरजू तरुणांच्या तोंडचा घांस ह्यांनीं कां घ्यावा? तरुणांचें दुःख खरें आहे. पण पुरुष उमेदवाराचे वडील काय मिळवितात, हें कोणी विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. शिवाय कायम जागा भरावयाच्या नाहींत व तासांच्या मोलानें माणसें राबवावयाचीं, हें धोरण कांहीं त्या बाईंनीं ठरविलेलें नव्हे. दोन उपाशांस एका भाकरीवर झुंजवून भाकरी लपविणाऱ्यास मोकळें सोडणें, ह्यास न्याय म्हणत नाहींत.

आतां सरकारकडे वळूं. सैन्यांतून निवृत्त झालेला शिपाई केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीसाठीं अर्ज करितो, तेव्हां सैन्यांतील वर्षें त्याच्या वयांतून वजा धरितात. हें अगदीं योग्य आहे; तीं वर्षें देशाच्या कामीं लागलीं. त्याच सरकारच्या 'क' गटाच्या जागांसाठीं विधवा, घटस्फोटित किंवा न्यायालयानें विभक्त ठरविलेल्या आणि पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांसही वयाची सवलत आहे. तीही योग्यच. पण ह्याचा अर्थ असा झाला कीं, नवरा मेल्यावांचून किंवा संसार मोडल्यावांचून स्त्रीचीं गेलेलीं वर्षें सरकारास दिसतच नाहींत! महाराष्ट्र शासनानें 2016 सालीं खुल्या वर्गाची वयोमर्यादा 33 वरून 38 वर नेली; आमच्या विद्यार्थिनीस तीही अपुरी. 2017 सालच्या कायद्यानें प्रसूतीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. पण मूल कांहीं 26 आठवड्यांत वाढत नाहीं. आमच्या क्षेत्रांत तर नेटच्या परीक्षेस सहायक प्राध्यापकपदापुरती कमाल वयाची अट मुळींच नाहीं. ती अट आम्हां समितीवाल्यांच्या मनांत आहे.

हें सारें अशक्य कोटींतलें आहे, असेंही नाहीं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें ह्या शतकाच्या आरंभींच, कामांत खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांस पुन्हा संशोधनाकडे आणण्यासाठीं योजना काढली. प्रयोगशाळेचें दार उघडूं शकतें, तर वर्गाचें व कचेरीचें कां उघडूं नये?

आमचें मागणें थोडें आहे. अपत्यसंगोपनांत गेलेलीं वर्षें, मग तीं आईचीं असोत वा बापाचीं, शिपायाच्या वर्षांप्रमाणें वयांतून वजा धरावीं. परतणाऱ्यास एक सत्र सवेतन उजळणीसाठीं द्यावें, व मग त्याची परीक्षा तरुणांइतकीच कडक घ्यावी. दया कोणीच मागत नाहीं. आणि "मधलीं वर्षें काय केलें?" हा प्रश्न विचारावयाचाच असेल, तर उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.

1848 सालीं पुण्यांत फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढली, ह्याचा आम्हां सर्वांस मोठा अभिमान. पण शिकविलेली विद्या फडताळांत ठेवावयास लावणारा समाज त्या शाळेचा वारसा कोणत्या तोंडानें सांगतो? परवां त्या बाई आम्हांस मंडईंत भेटल्या. त्यांच्या थोरल्या मुलीस यंदा अर्थशास्त्रच घ्यावयाचें आहे. "घेऊं द्यावें ना, सर?" त्यांनीं विचारलें. आम्ही "अवश्य" म्हणालों खरे. पण त्या शब्दास जागण्याचें काम निवड-समितींत बसणाऱ्या आम्हां मंडळींचें आहे. पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही गप्प बसणार नाहीं.