रूळ वाकला म्हणून धंदा का वाकावा?

मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर या भागात शेताच्या बांधावर बाभूळ, लिंब, चिंच, आंबा ही झाडे आजही उभी आहेत. एखादे झाड वठले किंवा वावटळीत पडले, तर त्याचा बुंधा ट्रॅक्टरवर चढवून आरा मशीनपर्यंत नेण्यात मजुरी जाते, भाडे जाते आणि दिवसही जातो. म्हणूनच चेन-सॉला चौकट जोडून झाड पडले तेथेच फळ्या पाडण्याची पद्धत खेड्यापाड्यांत फिरून काम करणाऱ्या सुतार मिस्त्रींना सोयीची आहे. परंतु या साधनातील ॲल्युमिनियमचे रूळ वाकले की सारे काम ठप्प होते. आजचा आमचा विषय या रुळांचाच आहे.

गोल बुंध्यावर पहिला काप सरळ घ्यायचा तर चौकटीला सपाट वाट हवी. दोन रूळ बुंध्यावर घट्ट बसवायचे आणि त्यांवरून चौकट सरकवायची. पहिला काप सरळ आला की पुढची फळी त्या सपाट पृष्ठाच्या आधाराने निघते. पहिल्याच कापाला पीळ पडला तर तो प्रत्येक फळीत उतरतो. मग रंधा मारून मारून फळी पातळ होते आणि गिऱ्हाईक मजुरी कापून घेते. रूळ दिसायला किरकोळ वस्तू असली तरी मिस्त्रीचे नाव तिच्यावर अवलंबून असते.

जीपच्या टपावर बांधून नेताना रूळ वाकतात, बुंधा घसरला तर दबतात, साखळी लागली तर त्यांना खाच पडते. सुटा रूळ मागितला तर पुष्कळदा “पूर्ण संच घ्या” असे उत्तर मिळते. बाहेर देशातून मागवावा तर वाहतूक आणि जकात धरून त्याची किंमत मालापेक्षा जड होते. तोवर मिस्त्री रिकामा बसतो.

आमचे मत स्पष्ट आहे. रूळ हा परदेशातून मागवण्याचा भाग नव्हे. तो ॲल्युमिनियमचा साधा सरळ सेक्शन आहे. खिडक्या-दरवाजे बनविणाऱ्या आपल्याच फॅब्रिकेशनवाल्या भावांकडे तसा माल येतो किंवा ते मागवून देऊ शकतात. अडचण मालाची नाही, अडचण माप सांगण्याची आहे. “जुन्यासारखा द्या” एवढेच सांगितले तर दुकानदार हाताशी असलेला पातळ खिडकीचा सेक्शन देतो आणि तो पहिल्याच हंगामात वाकतो.

माप कसे ठरवावे? ५० बाय २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप घ्या. त्याचे वजन मीटरला सुमारे १.१ किलो, म्हणजे १२ फुटांच्या नगाला ४ किलोच्या आसपास भरते. त्याच मापाचा लोखंडी पाईप जवळजवळ १२ किलो होतो. शेतातून दोन रूळ खांद्यावर न्यायचे असतील तर हा फरक लहान नाही. उलट १.२ मिलिमीटरचा पातळ पाईप १२ फुटांना पावणेदोन किलोच भरतो. म्हणून दुकानात आधी काटा पाहावा. गेजबद्दल तोंडी काहीही सांगितले जाईल, पण काटा खरे तेच सांगतो.

हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. एकाच मापाचा ॲल्युमिनियमचा पाईप त्याच वजनाखाली लोखंडाच्या जवळपास तिप्पट लवतो. त्याला उपाय आहे. वरील पाईप आडवा न टाकता ५० मिलिमीटरची बाजू उभी ठेवली तर तो तिपटीने ताठ होतो. दोन आधारांतील अंतर निम्मे केले तर लवण आठव्या हिश्श्यावर येते. १५ किलोचे यंत्र दोन रुळांवर आहे आणि आधार ६ फुटांवर आहेत असे धरले, तर उभ्या पाईपात मध्यभागी सुमारे १ मिलिमीटर लवण येते, आडव्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त. दर दोन फुटांवर आडवी पट्टी आणि खाली पाचर दिली की ही काळजी उरत नाही. पट्ट्यांमुळे दोन्ही रूळ एका पातळीत राहतात आणि पीळही पडत नाही.

मिश्रधातूबाबतही एक गैरसमज आहे. खिडक्यांचे सेक्शन बहुधा ६०६३ क्रमांकाच्या धातूचे असतात, ६०६१ त्याहून बळकट असतो. परंतु बळकट म्हणजे कमी लवणारा नव्हे. भाराखाली दोन्ही सारखेच लवतात. फरक इतकाच की धक्का बसल्यावर ६०६१ कायमचा वाकायला जास्त जोर लागतो. ६०६३ चा जाड पाईप सहज मिळत असेल तर ६०६१ साठी अडून बसण्याचे कारण नाही.

वाकलेला रूळ ठोकून सरळ करणे किंवा तुटलेला वेल्डिंगने जोडणे आम्हाला मान्य नाही. उष्णतेने कडक केलेल्या या धातूची ताकद वेल्डिंगजवळ निम्म्याच्या आसपास येते. जोड द्यायचाच असेल तर आतून तंतोतंत बसणारी पट्टी घालून बोल्टने द्यावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि त्यांची डोकी चौकटीच्या वाटेत येऊ नयेत. घेताना दोरी ताणून सरळपणा पाहावा. लांबी बुंध्यापेक्षा दोन्ही टोकांना एकेक फूट जास्त ठेवावी. ७ फुटी चौकटीच्या लाकडाला ९ फुटांचा रूळ पुरतो.

आता व्यापारी बंधूंना दोन शब्द. खास आकाराचा साचा काढून सेक्शन ओढून घ्यायचा तर कारखाना मोठी मागणी मागतो. ते एका मिस्त्रीचे काम नव्हे आणि त्याची गरजही नाही. बाजारातील तयार मापच निवडावे. मुखेडच्या चार-पाच मिस्त्रींनी एकच माप ठरवून कागदावर उतरवले आणि एका दुकानदाराने त्या मापाचे मोजके नग कायम ठेवले, तर हैदराबाद किंवा मुंबईला फेरी मारावी लागणार नाही. दुकानदाराचाही माल पडून राहणार नाही, कारण तोच पाईप शिडीला आणि शेडलाही चालतो. व्यवहार किलोवर आणि पक्क्या बिलाने व्हावा. २०१७ पासून लागू असलेल्या जीएसटीत हा पाईप ७६०८ या क्रमांकाखाली येतो. नोंदणी असलेल्या कारखानदाराला पक्क्या बिलावरच कराची वजावट मिळते.

दोन गोष्टी मात्र झाकून ठेवू नयेत. चेन-सॉचा काप सुमारे ८ मिलिमीटर लाकूड भुशात घालवतो, पट्टा-आरीचा २ ते ३ मिलिमीटर. सहा काप घेतले की जवळजवळ दोन इंच लाकूड गेले. त्यामुळे रस्त्यालगतचा सरळ बुंधा आरा मशीनवरच न्यावा. फिरत्या चौकटीने अडचणीच्या जागेवरचा माल कापावा.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा, चिंच, जांभूळ हीही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या बंद करण्याचा आदेश दिला होता, हे जुन्या वखारवाल्यांना आठवत असेल. म्हणून मजुरीवर चिरकाम करण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि झाडमालकाकडून परवानगीची प्रत घ्यावी. दोन रुळांच्या बचतीपेक्षा जप्त झालेले यंत्र फार महाग पडते.

आपल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. उणीव आहे ती माप लिहून ठेवण्याची आणि एकत्र खरेदी करण्याची. एका वहीत सेक्शनचे माप, जाडी, वजन, बोल्टची जागा आणि शेवटचा भाव लिहून ठेवावा आणि ती वही शिकाऊ मुलालाही वाचायला द्यावी. पुढचा रूळ वाकेल तेव्हा उस्ताद परगावी असला तरी काम थांबणार नाही.