एकपदरी रॅमचा लॅपटॉप

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून सुटतो आणि उरणच्या बंदरातले कंटेनरही इथेच येऊन मिळतात. रात्रंदिवस अवजड वाहतूक, जोडीला पनवेल परिसरातली बांधकामं. खिडकीच्या जाळ्या काळ्या पडतात, सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोट उमटतं. तीच धूळ घरातल्या सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपच्या पोटात शिरते, पण ती कोणाच्या नजरेला पडत नाही. मग एके दिवशी मुलगा सांगतो, ‘बाबा, गेम लॅग होतोय, नवा लॅपटॉप घ्या.’

या मागणीवर लगेच पैसे काढू नयेत. ‘आधी अभ्यास कर’ म्हणून तिला झटकूनही टाकू नये. मुलाची तक्रार खरी असते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा खोलून पाहता येतं.

अशा जुन्या, स्वस्त लॅपटॉपला सहसा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. इंटेलची २०१२ची ‘एचडी ४०००’ असो की २०१७ची ‘यूएचडी ६२०’, चित्र रंगवणारा भाग प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेला. त्याला स्वतःची मेमरी नाही. लॅपटॉपची जी रॅम आहे, तीच प्रोसेसरने आणि ग्राफिक्सने वाटून घ्यायची. इथेच खरी मेख आहे. स्वस्त लॅपटॉप अनेकदा एकाच रॅमच्या स्टिकवर विकले जातात. २४००च्या डीडीआर४ रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती वाहू शकते. तशाच दोन लावल्या की ३८.४ जीबी. रस्त्याचंच पाहा. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि रखडलं. रस्त्याला पदर कमी पडले की काय होतं, हे इथल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. गणपतीत गावी जाताना इंजिन कितीही दणकट असो, गाडी मुंगीच्याच पावलाने सरकते. एका स्टिकवरच्या ग्राफिक्सची गत तीच. म्हणून खर्च करायचाच, तर पहिला रुपया दुसऱ्या स्टिकवर करावा. ८ जीबीची एकच स्टिक लावण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन गेमला अधिक मानवतात.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. तरीही जुन्या लॅपटॉपमधून काढलेली चांगली स्टिक मिळते. पनवेलच्या दुरुस्तीवाल्यांकडे विचारावं, नाहीतर मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. जाताना आपली स्टिक सोबत न्यावी. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसतच नाही.

आता उष्णता. गेम पहिली दहा मिनिटं छान चालून मग अडखळू लागला, तर दोष बहुधा चिपच्या ताकदीचा नसतो, ती तापलेली असते. ‘आय५-८२५०यू’सारख्या चिपची प्रमाणित उष्णता-मर्यादा १५ वॉट, एवढ्यातच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. पंख्यामागच्या जाळीत धुळीचा नमदा बसला की उष्णता बाहेर पडत नाही, आणि तापमान शंभर अंशांकडे गेलं की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. वर्षातून एकदा लॅपटॉप उघडून पंखा साफ करून घेणं आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, हे फाट्याजवळच्या घराला गाडीच्या एअर फिल्टरइतकंच गरजेचं आहे. गादीवर ठेवून खेळणं मात्र आजच बंद करावं. खालची हवेची भोकं बुजतात.

फुकटचे उपायही आहेत. १९२० बाय १०८० रिझोल्युशनला प्रत्येक चित्रात २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात, १२८० बाय ७२०ला ९,२१,६००. काम निम्म्याहून कमी! चित्र थोडं मऊ दिसतं, पण हात आणि पडदा जुळून येतात. सावल्या सर्वांत आधी बंद कराव्यात. चार्जर लावूनच खेळावं, मागे उघडे असलेले ब्राउझरचे टॅब बंद करावेत. एसएसडीने लॅपटॉप झटपट सुरू होतो, गेम लवकर उघडतो. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, मात्र त्याने फारसा वाढत नाही.

‘गेम बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत आकडा बदलून व्हिडिओ मेमरी ‘वाढवण्याच्या’ युक्त्या मुलांनी दूर ठेवाव्यात. त्या युक्तीने गेमला दाखवला जाणारा आकडा बदलतो, प्रत्यक्ष मेमरी तेवढीच राहते. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या बूस्टरसोबत काय काय घरात येतं, ते बँकेचा ओटीपी त्याच घरात येत असताना फार महागात पडू शकतं.

मर्यादाही मुलाला प्रेमाने सांगाव्यात. २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’ने किमान गरज म्हणून ‘एचडी ४०००’च धरली होती, २०१५ साली पीसीवर आलेला ‘जीटीए ५’ दोन स्टिक असलेल्या ‘यूएचडी ६२०’वर कमी सेटिंगला खेळता येतो. पण २०२३ साली आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ आधीच्या आवृत्तीपेक्षा बराच जड आहे. शिवाय विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत.

खरा राग यायला हवा तो वेगळ्याच गोष्टीचा. आज अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते, दुसरी खाचच नसते, आणि खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत छापलेलं नसतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. त्याच धोरणात पुढचं पाऊल टाकून प्रत्येक लॅपटॉपच्या खोक्यावर रॅमच्या खाचा किती, त्यातल्या रिकाम्या किती आणि पंखा साफ करायला किती स्क्रू काढावे लागतात, हे किमतीशेजारीच छापणं सक्तीचं करावं. तोवर दुकानात हे तीन प्रश्न आपणच विचारायचे, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यायचं.