गंडांतर आकाशातून येत नाही

कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडा. चार-आठ दिवसांत एखाद्या मथळ्यात हा शब्द भेटतोच : गंडांतर. कमी पटाच्या शाळांवर गंडांतर, शिष्यवृत्तीवर गंडांतर, कंत्राटी कामगारांच्या नोकऱ्यांवर गंडांतर, झोपडपट्टीवर गंडांतर. आपणही बोलताना तो सहज वापरतो. पण हा शब्द कोणाच्या पोथीतून आला आणि तो वापरल्याने सोय कोणाची होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो केला पाहिजे.

गंडांतर हा फलज्योतिषातला शब्द. बारा राशी आणि सत्तावीस नक्षत्रांच्या चक्रात तीन ठिकाणी रास आणि नक्षत्र एकदमच संपतात. आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ आणि रेवती-अश्विनी हे ते तीन सांधे. या सांध्यावर मूल जन्मले की ते त्याच्या स्वतःच्या नाहीतर आईबापाच्या जिवावर बेतते, असे ज्योतिषी सांगतात. उपाय काय? शांत करा. म्हणजे भटजी बोलवा, दक्षिणा द्या, ग्रहांची मनधरणी करा. ग्रहांची भीती घालून शेतकऱ्याला जन्मापासून मरेपर्यंत कसे लुबाडले जाते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून उघड केले.

आता या शब्दाचे व्याकरण पाहा. गंडांतर 'येते'. ते कोणी 'आणले' असे मथळ्यात क्वचितच वाचायला मिळते. 'शाळांवर गंडांतर आले' या वाक्यात शाळा आहे, संकट आहे. ते आणणारा माणूस तेवढा गायब आहे.

प्रत्यक्षात काय घडले? डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळांत पाठवायचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४ हजारांहून अधिक असल्याचे तेव्हा सांगितले गेले. यात मूळ नक्षत्र कुठे आले? सरकारी पत्राला तारीख असते, जावक क्रमांक असतो, खाली सही असते. नक्षत्राला सही करता येत नाही.

सही करणाऱ्याला जाब विचारता येतो, कारण त्याच्यावर कायद्याचे बंधन आहे. संविधानाच्या कलम २१-क ने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वस्तीच्या जवळ शाळा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरले आहे. 'गंडांतर' म्हटले की हा सगळा कायदा विस्मरणात जातो. पालक हक्क मागायचे सोडून साहेबाकडे विनवणी करायला जातात. ही शांतच झाली, फक्त भटजीच्या जागी साहेब आला.

कोणी म्हणेल, पटच नसेल तर शाळा चालवायची कशी? रास्त प्रश्न आहे. मग पट का घटला, हेही विचारा. शिक्षकांच्या जागा रिकाम्या कोणी ठेवल्या? गावोगावी खासगी इंग्रजी शाळांना परवानग्या कोणी दिल्या? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर पोरेही फडावर जातात, त्यांना गावातच ठेवून शिकवण्याची सोय नीट का झाली नाही? वाडी, पाडा, तांडा इथली शाळा बंद झाली की सर्वांत आधी मुलीचे दप्तर खुंटीला लागते. हे कोणत्या ग्रहामुळे होते?

या शब्दाची दुसरी खोडी त्याहून मोठी आहे. गंडांतर जसे आपोआप येते, तसे ते आपोआप 'टळते'. गावाने ठराव केला, बायांनी पंचायत समितीवर मोर्चा नेला, शिक्षक संघटनांनी धरणे धरले आणि शाळा वाचली, तरी बातमी येते, 'शाळेवरील गंडांतर टळले'. म्हणजे बंद करणाराही लपला आणि लढून वाचवणारेही पुसले गेले. ज्याला आपला विजय दिसत नाही, तो पुढच्या लढाईला उभा राहत नाही.

'अहो, हा साधा वाक्प्रचार. शब्दाला काय धरून बसता?' असेही कोणी म्हणेल. शब्दाला धरण्याची आपली परंपरा आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात 'हरिजन' हा शब्द घालायला बाबासाहेब आणि भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. माणसाला काय म्हटले जाते, यावर त्याला कसे वागवले जाते हे ठरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संकटाच्या नावाचेही तसेच आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला तो याच कारणाने. गरिबाच्या दुःखाचे खापर त्याच्याच मागच्या जन्मावर फोडले की समाज आणि शासन दोघेही जबाबदारीतून सुटतात. बुद्धाची शिकवण उलटी आहे : दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. ज्याला कारण आहे, ते अटळ नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'गंडांतर' वाचाल तेव्हा तिथे पेन घेऊन चार प्रश्न लिहा. हा निर्णय कोणी घेतला? कोणत्या तारखेला? कोणत्या नियमाखाली? यात फायदा कोणाचा? उत्तरे मिळत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. शांतीच्या दक्षिणेपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.