विश्लेषण : ऑस्कर मिळाले, पण घरभाड्याचे काय? ग्लेन हॅन्सर्ड, ‘वन्स’ आणि कलाकारांना पगार देण्याचा आयर्लंडचा प्रयोग

आयर्लंड सरकारने कलाकारांना दर आठवड्याला ठरावीक रक्कम देण्याची प्रायोगिक योजना कायम करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थसंकल्पात केली. साहित्य, संगीत आणि चित्रपटांत स्वतःच्या आकारमानापेक्षा कितीतरी मोठे नाव कमावलेल्या या देशाला कलाकारांच्या पोटापाण्याची चिंता का करावी लागली? डब्लिनच्या रस्त्यावर गाणी म्हणत ऑस्करपर्यंत पोहोचलेल्या ग्लेन हॅन्सर्ड यांच्या वाटचालीतून हा प्रश्न अधिक नीट समजतो.

ग्लेन हॅन्सर्ड कोण आहेत?

हॅन्सर्ड यांचा जन्म १९७० मधला. डब्लिनच्या बॅलिमन या कष्टकरी वस्तीत ते वाढले. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी गिटार घेतली आणि ग्राफ्टन स्ट्रीट या गजबजलेल्या बाजाररस्त्यावर गायला सुरुवात केली. पुढे १९९० मध्ये त्यांनी ‘द फ्रेम्स’ हा बँड काढला. लगेचच १९९१ मध्ये ॲलन पार्कर यांच्या ‘द कमिटमेंट्स’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांना गिटारवादकाची भूमिका मिळाली. चित्रपट जगभर पाहिला गेला, पण ‘द फ्रेम्स’ची ओळख पुढची अनेक वर्षे मुख्यतः आयर्लंड आणि युरोपातील काही शहरांपुरतीच राहिली. पडद्यावर झळकणे आणि संगीतकार म्हणून पाय रोवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना तेव्हाच कळले.

‘वन्स’ कसा घडला?

‘द फ्रेम्स’मध्ये सुरुवातीच्या काळात बेस गिटार वाजवणारे जॉन कार्नी पुढे चित्रपट दिग्दर्शक झाले. रस्त्यावर गाणारा एक तरुण आणि डब्लिनमध्ये पोट भरण्यासाठी आलेली एक चेक तरुणी यांची गोष्ट त्यांना सांगायची होती. गाणी हॅन्सर्ड यांच्याकडून घ्यायची आणि नायक दुसराच, असे आधी ठरले होते. नायक म्हणून किलियन मर्फी यांचे नाव होते. ते बाजूला झाल्यावर कार्नी यांनी गाणी लिहिणाऱ्यालाच नायक केले. नायिका झाली हॅन्सर्ड यांच्यासोबत गाणारी मार्केता इर्ग्लोवा ही चेक पियानोवादक.

चित्रीकरण अवघ्या १७ दिवसांत उरकले. खर्च दीड लाख युरोपेक्षाही कमी होता आणि त्यातला मोठा वाटा आयर्लंडच्या सरकारी चित्रपट मंडळाने उचलला. रस्त्यावरची काही दृश्ये लांबून कॅमेरा लावून टिपली गेली, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चित्रीकरण सुरू असल्याचे कळलेही नाही. एक प्रसंग तर हॅन्सर्ड यांच्या घरातच चित्रित झाला. कार्नी यांनी स्वतःचे मानधन दोन्ही कलाकारांना दिले आणि चित्रपट चालला तर नफ्यात सर्वांचा वाटा राहील, असे कबूल केले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण चित्रपट चालला. २००७ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाल्यानंतर ‘वन्स’ने जगभरात दोन कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

ऑस्करच्या वेळी वाद कशावरून झाला?

‘वन्स’मधील ‘फॉलिंग स्लोली’ या गाण्याला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचे नामांकन मिळाले. मात्र हे गाणे चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच दोन अल्बममध्ये आणि एका चेक चित्रपटात ऐकायला मिळाले होते. ऑस्करच्या नियमानुसार गाणे त्या चित्रपटासाठीच लिहिलेले असावे लागते. अकादमीने चौकशी केली. गाणे ‘वन्स’साठीच लिहिले होते, चित्रपट पूर्ण होण्यास वेळ लागल्याने ते आधी बाहेर आले, हे मान्य करून ते स्पर्धेत ठेवले गेले. या वादातून एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या स्टुडिओचा संगीतकार काम मिळाल्यावर गाणे लिहितो आणि प्रदर्शनापर्यंत थांबू शकतो. लहान बँडला तेच गाणे मैफिलीत, अल्बममध्ये, मिळेल तिथे वापरून महिना भागवावा लागतो.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी या गाण्याने डिस्नेच्या ‘एन्चान्टेड’मधील तीन गाण्यांना मागे टाकून ऑस्कर जिंकले. इर्ग्लोवा बोलण्याआधीच वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालक जॉन स्ट्युअर्ट यांनी तिला पुन्हा मंचावर बोलावले. तेव्हा ती १९ वर्षांची होती.

त्यानंतर कोणती सहकार्ये झाली?

‘वन्स’ रंगभूमीवर आले. नाट्यसंहिता आयरिश नाटककार एन्डा वॉल्श यांनी लिहिली आणि दिग्दर्शन जॉन टिफनी यांनी केले. वेगळा वाद्यवृंद नाही, नटांनीच मंचावर वाद्ये वाजवायची, असा हा प्रयोग होता. २०१२ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या संगीतिकेने सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह आठ टोनी पुरस्कार पटकावले. ती तिथे जानेवारी २०१५ पर्यंत चालली.

हॅन्सर्ड पुढेही इतरांच्या चित्रपटांशी जोडलेले राहिले. शॉन पेन यांच्या ‘फ्लॅग डे’ (२०२१) साठी त्यांनी ‘पर्ल जॅम’चे एडी वेडर यांच्यासोबत गाणी केली. त्याच वर्षीच्या ‘सिरानो’ या संगीतमय चित्रपटात ते सैनिकाच्या छोट्या भूमिकेत गाताना दिसतात. तरीही त्यांचा मुख्य व्यवसाय मैफिली हाच राहिला.

मग गाण्याचे पैसे नेमके कोणाला मिळतात?

इथे गीतकार-संगीतकार आणि वादक यांच्यातला फरक समजून घ्यावा लागतो. गाणे रचणाऱ्याकडे स्वामित्वहक्क असेल, तर ते रेडिओवर, टीव्हीवर किंवा मैफिलीत वाजले की त्याला मानधन मिळते. आयर्लंडमध्ये हे पैसे ‘इम्रो’ ही संस्था गोळा करून वाटते. संगीतिकेत रचनाकाराचे मानधन सर्वसाधारणपणे तिकीटविक्रीशी जोडलेले असते. म्हणजे नाटक चालेल तितके दिवस उत्पन्न सुरू राहते. हॅन्सर्ड आणि इर्ग्लोवा यांच्यासाठी म्हणूनच ब्रॉडवेचे महत्त्व मोठे होते.

याउलट चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन किंवा आयरिश पाइप्स वाजवणाऱ्याला बहुधा त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि विषय संपतो. रचनाकारालाही सगळीकडे हक्क मिळतो असे नाही. अमेरिकेतील चित्रपटगृहांना चित्रपटासोबत वाजणाऱ्या संगीतासाठी वेगळे मानधन द्यावे लागत नाही. १९४८ मधील एका न्यायालयीन निकालापासून ही पद्धत चालत आली आहे. थोडक्यात, स्वतःच लिहिणारा, स्वतःच गाणारा आणि नफ्यात वाटा असलेला हॅन्सर्ड हा अपवाद आहे. नियम आहे तो एका दिवसाच्या मानधनावर वाजवणाऱ्या वादकाचा.

आयर्लंड सरकार आजवर काय करत होते?

१९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी लेखक, चित्रकार, संगीतरचनाकार यांचे सर्जनशील कामाचे उत्पन्न करमुक्त केले. पुढे या सवलतीवर मर्यादा आली. २००६ मध्ये ‘यू टू’ या बँडने आपल्या व्यवसायाचा काही भाग नेदरलँड्सला हलवला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. २०१५ पासून वर्षाला पहिले ५० हजार युरो करमुक्त आहेत. पण ही सवलत मूळ निर्मितीला आहे, केवळ सादरीकरणाला नाही. शिवाय ज्याचे उत्पन्नच कमी, त्याला करमाफीचा उपयोग तो काय? दुसरीकडे, देशात चित्रीकरण करणाऱ्या कंपन्यांना खर्चाच्या ३२ टक्के करसवलत मिळते. त्यातून वादकांना कामे मिळतात, पण ती अधूनमधून आणि निर्मात्याच्या सोयीने.

नवी योजना काय आहे?

करोनाकाळात मैफिली आणि नाट्यगृहे बंद पडली. त्या वेळी नेमलेल्या कृती गटाने नोव्हेंबर २०२० मध्ये कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाची शिफारस केली. २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री कॅथरिन मार्टिन यांच्या खात्याने प्रयोग सुरू केला. नऊ हजारांहून अधिक अर्ज आले. पात्र अर्जदारांतून सोडत पद्धतीने २,००० जण निवडले गेले. त्यांना आठवड्याला ३२५ युरो, म्हणजे सुमारे ३३ हजार रुपये मिळू लागले. तुलनेसाठी पैसे न मिळणाऱ्या १,००० कलाकारांचा गटही ठेवला गेला. ही रक्कम करपात्र आहे, मात्र ती मिळवण्यासाठी अमुक कलाकृती पूर्ण करा अशी अट नाही.

पैसे मिळणाऱ्यांनी कलेला अधिक तास दिले आणि त्यांच्यातील चिंता व नैराश्य कमी झाले, असे पाहणीत दिसले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खर्च-लाभ अहवालानुसार योजनेत घातलेल्या प्रत्येक युरोमागे समाजाला १.३९ युरोचा लाभ झाला.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप या आकड्यावरच आहे. १.३९ मधील मोठा भाग हा मानसिक स्वास्थ्याचे पैशांत काढलेले मोल आहे, तो तिजोरीत परत आलेला पैसा नव्हे. दुसरा आक्षेप सोडतीवर. आठ हजारांहून अधिक पात्र अर्जदारांपैकी चारातल्या जवळपास तिघांना काहीच मिळाले नाही. आणि कमी उत्पन्न असलेल्या इतर कष्टकऱ्यांना वगळून कलाकारांनाच का, हा तिसरा प्रश्न.

त्याला जोडून घरांचा प्रश्न आहे. डब्लिनमधील घरभाडे इतके वाढले आहे की ३२५ युरो भाड्यातच जाऊ शकतात. हॅन्सर्ड स्वतः या प्रश्नावर उघडपणे उभे राहिले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये कार्यकर्त्यांनी ‘अपोलो हाऊस’ या रिकाम्या इमारतीचा ताबा घेऊन तिथे बेघरांची सोय केली. त्या मोहिमेत ते होते. नाताळच्या आदल्या दिवशी बेघरांच्या मदतीसाठी ते अनेक वर्षे पुन्हा रस्त्यावर गात आले आहेत.

पुढे काय?

योजना कायम झाली तरी जागा किती, मुदत किती आणि एकदा लाभ मिळालेल्याला पुन्हा संधी मिळणार का, यावर तिचे यश ठरेल. हॅन्सर्ड यांच्या उमेदवारीच्या काळात अशी योजना नव्हती. ‘द कमिटमेंट्स’ ते ऑस्कर या सतरा वर्षांत ते टिकून राहिले म्हणून ‘वन्स’ झाला. त्यांच्याच बरोबर ग्राफ्टन स्ट्रीटवर गाणारे किती जण मधल्या काळात गिटार ठेवून दुसऱ्या कामाला लागले, याची नोंद कुठेही नाही. आयर्लंडचा प्रयोग खरे तर त्यांच्यासाठी आहे.