हुग्गी कोण ढवळतंय?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एका डॅनिश शब्दाचं वारं शिरलंय. ह्युगे. कोपनहेगनला असलेल्या भाच्याने तो पाठवला, सोबत फोटो. खिडकीबाहेर अंधार, आत तीन मेणबत्त्या, मांडीवर पांघरूण, हातात कॉफीचा मग. सासूबाईंना शब्द म्हणून दाखवला तर त्यांनी विचारलं, "म्हणजे गव्हाची हुग्गी का?" त्या उदगीरकडच्या. त्यांच्याकडे गहू ओलवून, कांडून, गुळात तासभर शिजवून हुग्गी करतात आणि थंडीच्या रात्री ती तूप घालून खातात. मग समजावून सांगितलं की हा पदार्थ नाही, घरात सगळ्यांनी मिळून निवांत, उबदार बसण्याला तिकडे असं म्हणतात. तर म्हणाल्या, "बसलेत सगळे, मग ढवळतंय कोण?"

ग्रुपवर यावर भरपूर हसरे चेहरे पडले आणि विषय संपला. मला तो संपवायचा नाहीये, म्हणून इथे लिहितेय. नातेवाईक मंडळींनी राग मानायचा तर मानावा :-)

शब्द मूळचा नॉर्वेकडचा, डॅनिश लोकांनी आपलासा केला. कोपनहेगनला डिसेंबरात पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. एवढ्या लांब अंधाराला माणसं काय करणार? दिवे लावणार, जवळ बसणार. मेणबत्तीला ते 'जिवंत उजेड' म्हणतात. २०१६ साली मेक विकिंग या डॅनिश लेखकाचं त्यावरचं छोटं पुस्तक इंग्रजीत आलं, आणि बघता बघता त्या साध्या सवयीचं दुकान झालं. मोजे, ब्लँकेटं, वासाच्या मेणबत्त्या. त्याच वर्षी ९ ऑगस्टला आमच्या क्रांती चौकातून पहिला मराठा मूक मोर्चा निघाला होता. आम्ही चौकापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. लाखोंची गर्दी आणि एक घोषणा नाही, अशी शांतता या चौकाने त्याआधी कधी ऐकली नसेल. एरवी जालना रोडचे हॉर्न, पुलावरच्या गाड्या, आठवड्याआड कुणाचं तरी धरणं आणि त्याचा लाउडस्पीकर. इथे निवांतपणा विकत आणायला निघालेल्यांचं मला कौतुकच वाटतं.

तर ग्रुपवर दोन पक्ष आहेत. पहिला, मेणबत्तीवाल्यांचा. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पंखा बंद करून ती मेणबत्ती जळत ठेवून दाखवा, एवढंच म्हणते. आमच्याकडचं सुख गार असतं. माठातलं पाणी, कुलरच्या वाळ्याचा ओला वास, संध्याकाळी पाणी मारलेली गच्ची. आणि पाणी तरी कुठे हो! मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरी बांधून ज्या गावाला पाणी दिलं, त्या गावाने जायकवाडी एवढं जवळ असताना आठ-आठ दिवसांनी नळ आलेला बघितलाय. रात्री दोनला नळ वाजला की जीव भांड्यात पडायचा, अक्षरशः. (तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कोण उठायचं, ते खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. मोटरपाशी आम्ही दोघीच असायचो.)

माझं भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. त्यांचं म्हणणं, "यात नवीन ते काय? आपल्याकडे हे पूर्वीपासून होतंच!" मग ओसरी, अंगतपंगत, आजीच्या हातची भाकरी, चुलीपुढचा उजेड. मोठ्या काकांनी तर अख्खा निबंध टाकला. चूल धगधगतेय, भावंडं ओळीने बसलीत, ताटात तव्यावरून भाकरी पडतेय, वर लोण्याचा गोळा. छान लिहिलंय, वाचताना माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. पण निबंध पुन्हा वाचा काका. त्यात आजीचा हात आहे. आजी कुठे बसली होती, कधी जेवली, तिच्या ताटात काय उरलं होतं, हे त्यात नाही. ती त्या उजेडाची मालकीण नव्हती, त्या उजेडामागे धुरात बसलेली होती.

भाकरीचा स्वभावच असा आहे. ती तव्यावरून थेट ताटात पडली तर तिची मजा. म्हणजे एकजण थापत राहणार तेव्हाच बाकीचे जेवणार. "गरम गरम वाढते, तुम्ही बसा" हे वाक्य आपल्याकडे प्रेमाचं म्हणून चालतं आणि ते प्रेमाचं असतंही. पण ते बोलणारी व्यक्ती पिढ्यान् पिढ्या एकच असेल तर त्याला मी सुख म्हणणार नाही, व्यवस्था म्हणेन.

२०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदा देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांपैकी दिवसभरात घरातलं काहीही काम करणारे २६ टक्के, आणि त्यांची ९७ मिनिटं. उरलेल्या ७४ टक्क्यांना ह्युगे आपोआप मिळत असणार, त्यांना पुस्तकाची गरज नाही.

आता डेन्मार्क म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाहीये. तिथेही घरकाम बायकाच जास्त करतात, पण दरी आपल्याइतकी नाही. येप्पे त्रोले लिनेट या डॅनिश अभ्यासकाने २०११ मध्ये लिहिलंय की ह्युगे ही बाहेरच्यांना बाहेर ठेवणारी भिंतसुद्धा असते, आणि आत बसलेल्यांनी वादाचं बोलू नये असा धाकही त्यात असतो. हे मात्र आपल्या घरांना चांगलंच ओळखीचं आहे! "आत्ता कशाला तो विषय, सगळे मजेत बसलेत ना" हे ऐकलं नाही अशी सून दाखवा. पण त्या मेणबत्तीच्या मागे काय काय उभं आहे ते बघा. आठवड्याला ३७ तासांची नोकरी, पोरांसाठी सरकारी मदतीची पाळणाघरं, गरम राहणारी घरं. भाचाच सांगतो, तिकडे जेवायला बोलावलं की कुणी कांदा चिरतं, कुणी टेबल लावतं, पाहुणासुद्धा भांडी विसळतो. फोटोत ते येत नाही. आपण नेमकी मेणबत्ती उचलली आणि कांदा सोडला.

आणि आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. हुरडा घ्या. थंडीत सकाळी शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कोवळी कणसं आरात खुपसायची, भाजली की हातावर चोळायची आणि गरम दाणे समोरच्याच्या तळहातावर ओतायचे. सोबत तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या. आमच्या माहेरी भाजायला नेहमी पुरुष बसायचे. आजोबांचे तळहात काळे झालेले मला अजून दिसतात. तिथे आई बसलेली असायची, पाय पसरून, मोठ्याने हसत. घरी ती अशी बसलेली मला आठवत नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. शेत, थंडी, धूर हे सगळं आहेच, पण खरं कारण फार साधं आहे. हुरड्याला विस्तव मधे असतो आणि सगळे त्याच्या भोवती. भाजणारा आणि खाणारा एकाच जागी. घरात विस्तव वेगळ्या खोलीत असतो, आणि तिथे एकीला पाठवून दार लोटलेलं असतं. (चटण्या आदल्या दिवशी बायकाच कुटायच्या, हे विसरलेले नाही. त्यावर खाली येते.) हल्ली तो हुरडाही माणशी दर लावून मिळतो, खाटांवर बसायचं, गणवेशातली पोरं ताट आणून देतात. म्हणजे तिथेही आपण विस्तव पुन्हा लांब नेला. कमाल आहे!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे इंडक्शनची शेगडी बाहेर हॉलमध्ये आली. तत्त्व वगैरे काही नव्हतं, स्वयंपाकघरात उकडत होतं आणि चार माणसं दिवसभर घरात होती. रविवारी रात्री मधे शेगडी, भोवती आम्ही. धपाट्यांचं पीठ मी मळायचे, थापायचा मुलगा, भाजायचं ह्यांनी. पहिले तीन महिने धपाट्यांना आकार नव्हता. फरशीवर पिठाचे ठसे, एकदा तर दह्याचं पातेलंच कलंडलं. सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात पसंत नव्हतं, हॉलमध्ये तवा म्हणजे काय! खुर्चीत बसून सूचना देत राहायच्या. मग एकदा मुलाने तव्यावरचा पहिला धपाटा त्यांच्याच ताटात टाकला. त्या तो हातात धरून बसल्या. "पहिला? तो तर जेवणाऱ्यांचा असतो," म्हणाल्या. वय वर्षं ७८.

आत्याचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: "आम्हाला वाढण्यातच आनंद मिळतो गं." मिळत असेल, मलाही मिळतो. मग तो आनंद एकटीने का घ्यावा, भाऊजींनाही थोडा मिळू दे. आणि भाकरी गरमच लागते म्हणणाऱ्यांना आठवण करून देते की आपल्याच मराठवाड्यात दशम्या आहेत, कडक भाकरी आहे, सुशीला आहे, दह्यात कुस्करलेली शिळी भाकरी आहे. हे सगळं आधी करून ठेवून सगळ्यांनी एकत्र बसून खायचं अन्न. ते आपण प्रवासासाठी आणि गरिबीसाठी राखून ठेवलं, पाहुणे आले की गॅससमोर एकीला उभं करायचं ठरवून टाकलं.

तर या थंडीत तुम्ही सगळे हुरड्याला माहेरच्या शेतावर येणारच आहात. मेणबत्त्या आणू नका, वाऱ्यात टिकायच्या नाहीत. गुळभेंडीची कणसं मी बघते. दह्याचं भाच्याकडे दिलंय, तो त्या वेळी सुट्टीवर येतोय. तिळाची चटणी काकांनी स्वतः कुटून आणायची, आणि काकूंना न विचारता. खलबत्ता माळ्यावर उजव्या कोपऱ्यात आहे, हे मला काकूंनीच सांगितलंय.